डायलिसिसच्या खुर्चीशेजारी बसून समाधानी कसं राहायचं?

प्रश्न थोडक्यात असा. पिंपरीकडच्या एका ताईंचे मिस्टर दोन वर्षांपासून डायलिसिसवर आहेत, आठवड्यातून तीन वेळा. कंपनीतली नोकरी गेली, घराचे हप्ते चालू आहेत, मुलगी बारावीला आहे. प्रार्थनासभेत ताईंना रडू आवरलं नाही. तेव्हा एका ज्येष्ठ बाईंनी बायबलमधलं फिलिप्पैकरांस पत्र काढून वचन वाचून दाखवलं, ‘ज्या स्थितीत मी आहे तिच्यात मी संतुष्ट राहण्यास शिकलो आहे’, आणि वर म्हणाल्या, असं रडणं हा अविश्वास आहे. ताई विचारतात: मला समाधान वाटत नाही, म्हणजे माझा विश्वास खोटा का? आणि किडन्या गेल्याबद्दल मी देवाचे आभार मानायचे का?

ताई, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, ते छोटं आहे. नाही मानायचे. थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्रात ‘सर्व स्थितीत उपकारस्तुती करा’ असं आहे. स्थितीत, स्थितीबद्दल नाही. येशू लाजराच्या कबरेपाशी रडला, तिथं त्यानं मरणाचे आभार मानले नाहीत. आजार आवडून घ्यायची सक्ती तुमच्यावर शास्त्रानं केलेली नाही, सभेतल्या कुणी केली असेल तर ती त्यांची.

पहिल्या प्रश्नाला मात्र वेळ लागेल. चौतीस वर्षं मी पाळक होतो, त्यातली अकरा एका मिशन हॉस्पिटलात चॅप्लेन, म्हणजे रुग्णांचा पाळक, म्हणून गेली. डायलिसिसचा विभाग तळमजल्यावर, माझ्या खोलीला लागूनच. तुम्ही ज्या खुर्चीशेजारी चार चार तास बसता, तिथं मीही पुष्कळ बसलो आहे. आणि त्या बाईंनी तुम्हाला जे ऐकवलं ते मीही एकदा एकाला ऐकवलं आहे, म्हणून त्यांच्यावर फार रागावण्याचा हक्क मला नाही. सेवेच्या दुसऱ्या वर्षी आमच्या मंडळीतल्या एका शेतकऱ्याचा मुलगा मण्यार चावून गेला. नऊ वर्षांचा. मी तिसऱ्या दिवशी गेलो आणि हेच वचन वाचलं. वडिलांनी शांतपणे ऐकून घेतलं, मला चहा दिला, पायरीपर्यंत सोडायला आले. त्यानंतर ते देवळात आले नाहीत. कधीच. तेव्हा मला वाटलं होतं, शोकानं विश्वास गेला बिचाऱ्याचा. मी घालवला, हे कळायला मला दहा वर्षं लागली.

आता ते वचन जिथं आहे तिथं जाऊन बघू. चौथ्या अध्यायातलं अकरावं वचन एकटं काढून भिंतीवर लावलं की ते उपदेशासारखं दिसतं. पत्रात ते आहे कुठं? पोचपावतीत. हे पत्र लिहिणारा प्रेषित पौल तेव्हा कैदेत होता. रोमी कैदेत सरकार काही धड खायला घालत नसे. बाहेरच्या माणसांनी आणून दिलं तर कैद्याचं भागे. ससूनसारख्या सरकारी दवाखान्याबाहेर डबे घेऊन ताटकळणारे नातेवाईक डोळ्यांपुढं आणा, म्हणजे पत्र कळेल. फिलिप्पैच्या मंडळीनं वर्गणी काढून एपफ्रदीत नावाच्या माणसाबरोबर मदत पाठवली. ती मिळाल्यावर पौल लिहितो, मला फार आनंद झाला. मी काही कमतरतेमुळं बोलत नाही, मी आहे त्यात राहायला शिकलोय. तरी माझ्या संकटात तुम्ही सहभागी झालात हे बरं केलंत. या तीन वाक्यांतलं मधलं तेवढं उचलून आपण आजाऱ्याला देतो. शेवटचं, म्हणजे चौदावं वचन, गाळतो, कारण त्यात आपल्या खिशाला हात आहे.

म्हणजे समाधानी माणूस मदत घेतो, आणि घेताना मान खाली घालत नाही. हे मी पुन्हा सांगतो, कारण आपल्या लोकांत मदत मागणं म्हणजे विश्वासात कमी पडणं, असा एक विचित्र समज आहे. सार्वजनिक न्यास कायद्याखाली नोंदलेल्या धर्मादाय रुग्णालयांनी महाराष्ट्रात 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात, त्या कायद्याचं कलम 41 एए आहे तसं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस येतं. हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात जाऊन रेशनकार्ड आणि उत्पन्नाचा दाखला घेऊन विचारा. नाही म्हणाले तर पुन्हा विचारा. तहसील कचेरीच्या रांगेत उभं राहिल्यानं समाधान भंगत नाही.

त्याच पत्रात आणखी एक गंमत आहे. मदत घेऊन आलेला एपफ्रदीत तिथंच आजारी पडला, मरणाच्या दारात गेला, मग वाचला. पौल लिहितो की मला दुःखावर दुःख होऊ नये म्हणून देवानं माझ्यावरही दया केली. आणि त्याला परत पाठवतोय, म्हणजे माझीही चिंता हलकी होईल. संतुष्ट राहायला शिकलो म्हणणारा हाच माणूस दोन अध्याय आधी चिंतेची कबुली देतोय. करिंथकरांना तर तो उघडच सांगतो की सगळ्या मंडळ्यांची काळजी रोज माझ्या उरावर असते. आता या दोन्ही गोष्टी एका माणसात मावत असतील, तर तुमच्या एका ओढणीत रडणं आणि विश्वास दोन्ही मावतील.

‘शिकलो’ या शब्दावर मी अर्धा तास बोलू शकतो, पण थोडक्यात सांगतो. पौल ‘मला वाटतं’ म्हणत नाही. बारावं वचन तर म्हणतं की तृप्त असण्याचं आणि भुकेलं असण्याचं रहस्य मला शिकवण्यात आलं आहे. मूळ ग्रीक क्रियापद गूढ पंथांत दीक्षा देण्यासाठी वापरायचे ते आहे. आणि ‘संतुष्ट’ म्हणून आपण जो शब्द वाचतो, तो त्या काळी स्टोइक तत्त्वज्ञांच्या तोंडी असायचा, औतार्केस: स्वतःपुरता पुरेसा, कुणावाचून न अडणारा. पौलानं त्यांचा शब्द घेतला आणि तेराव्या वचनात त्याची पार उलटापालट केली. मला जो सामर्थ्य देतो त्याच्याकडून मी हे करू शकतो. स्वतःपुरता पुरेसा मी नाहीच. आमच्याकडं हे तेरावं वचन दहावीच्या परीक्षेला आणि क्रिकेटच्या मॅचला लावतात. ‘सर्वकाही’ म्हणजे तिथं उपाशी राहणं आणि पोटभर जेवणं, दोन्ही निभावणं, एवढंच आहे. पोटभर जेवणंही शिकावं लागतं, हे मात्र कुणी भिंतीवर लावत नाही. माझ्या मंडळीत विपन्नतेनं देव सोडलेली माणसं मला बोटावर मोजता येतील. गुंठामंत्री झाल्यावर सोडलेली मोजता यायची नाहीत.

तळमजल्यावरच्या एका गृहस्थांबद्दल सांगतो. एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. डॉक्टरांनी दिवसाला पाऊण लिटर पाणी ठरवून दिलेलं, चहा आणि आमटी धरून. तुम्हाला माहीतच आहे, लघवी थांबली की प्यालेलं पाणी अंगातच राहतं आणि पुढच्या डायलिसिसच्या आधी काट्यावर उभं केलं की चोरी पकडली जाते. पहिले सहा महिने त्यांनी सगळ्यांना शिव्या घातल्या, मलाही. मग त्यांनी एक युक्ती काढली. सकाळी बाटली भरायची आणि दिवसभर टोपणानं प्यायचं. एका बाटलीत किती टोपणं बसतात हे त्यांनी मोजून ठेवलं होतं. टोपण तोंडात रिकामं केल्यावर पाणी गिळायचे नाहीत लगेच, जिभेवर फिरवायचे, डोळे मिटून. मी शेजारी बसलो की माझ्यासमोरची पाण्याची बाटली मी पिशवीत टाकत असे. तर म्हणायचे, राहू द्या हो वर, आता नाही त्रास होत.

तिसऱ्या वर्षी मी त्यांना विचारलं, कसं जमवलंत? म्हणाले, ‘शिकलो कसलं पाळकसाहेब, सवय पडली म्हणा. पण एक झालं. पूर्वी तहान लागली की राग यायचा. देवाचा, बायकोचा, त्या पंख्याचासुद्धा. आता तहान लागली की तहानच लागते.’

ख्रिस्ती समाधानाची याहून चांगली व्याख्या मला सेमिनरीत कुणी दिली नाही. तहान गेली नाही, तहानेच्या अंगावर चढलेला राग उतरला. आणि तोही कायमचा नाही. त्याच उन्हाळ्यात पुतण्याच्या लग्नात त्यांनी दोन ग्लास उसाचा रस ढोसला आणि मध्यरात्री श्वास अडकून कॅज्युअल्टीत आले. दुसऱ्या दिवशी मला बघून म्हणाले, शाळा बुडली काल. मला ते ‘शाळा’ आवडलं.

स्तोत्रसंहितेतलं 131वं स्तोत्र फक्त तीन वचनांचं आहे. त्यात दावीद म्हणतो, दूध तुटलेलं मूल आईजवळ असावं तसा माझा जीव माझ्या ठायी आहे. पुष्कळ उपदेशक इथं तान्ह्या बाळाची गोडी वर्णन करतात, पण हे तान्हं बाळ नाही. तुम्ही लेकीचं दूध तोडलं असेल तेव्हाच्या चार रात्री आठवा. आमच्याकडं बायका कडुनिंबाचा पाला वाटून लावत. मूल ओरडतं, आईला मारतं, ओरबाडतं. ज्या जागी सगळं मिळत होतं तीच जागा कडू झालेली असते. मग कधीतरी पाचव्या-सहाव्या रात्री ते नुसतंच मांडीवर येऊन पडतं. दूध मागत नाही. आई मात्र हवी असते. दाविदानं शांततेसाठी निवडलेलं चित्र हे आहे, रडून झाल्यानंतरचं. ताई, तुमची आत्ता दुसरी-तिसरी रात्र चालू आहे असं समजा. या रात्री रडणाऱ्या मुलाला कुणी अविश्वासू म्हणत नाही.

रडायचं कसं, हेही शास्त्रात आहे. 13वं स्तोत्र उघडा. ‘हे परमेश्वरा, कोठवर?’ पहिल्या दोन वचनांत चार वेळा हा प्रश्न येतो, अगदी तोंडावर. ते मोठ्यानं वाचा, घरात कुणी नसताना. शेवटच्या वचनातली स्तुती त्या दिवशी तोंडात येत नसेल तर दुसऱ्या वचनाशी थांबा, पुढचं उद्या. 88वं तर अंधारातच संपतं, तिथं स्तुतीला वळण नाहीच, तरी इस्राएलानं ते गाण्यांच्या पुस्तकात ठेवलं. देवाला तक्रार सांगणारा अजून देवाशी बोलतोय. अबोला धरलेल्यांची मला जास्त काळजी वाटते.

आता थोडं कडू बोलतो. तुम्ही लिहिलंय की सासूबाई म्हणतात, ‘ठेविले अनंते तैसेचि रहावे’, आणि सभेतल्या बाई तेच ख्रिस्ती भाषेत म्हणतात. तुकोबांच्या त्या ओळीला मी नावं ठेवणार नाही, आपले ना. वा. टिळकच सांगत की तुकारामाच्या पुलावरून मी ख्रिस्ताकडं आलो. पण ती कोण कुणाला ऐकवतंय हे बघावं लागतं. माझे आजोबा नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यातले. येसकरपाळी, म्हणजे वेशीवरच्या राखणीचं आणि गावकामाचं वंशपरंपरेनं लादलेलं काम, त्यांच्या घराकडं होती. आहे त्यात समाधान मान, हे त्यांना गावानं पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं होतं, बायबल न उघडता. त्यांनी ते मानलं नाही, मिशनच्या शाळेत जाऊन बाराखडी गिरवली, म्हणून मी आज तुम्हाला हे लिहितोय. तेव्हा ‘समाधान’ हा शब्द वरून खाली फेकलेला असेल तर आम्ही तो झेलत नाही. पौलानंही दासांना लिहिताना, मोकळं होता येत असेल तर हो, असं घातलंय. पहिल्या करिंथकरांत सातवा अध्याय बघा. समाधान माणूस स्वतःपुरतं शिकतो. शेजाऱ्याच्या गळ्यात ते घालता येत नाही.

पंडिता रमाबाईंकडं मी या बाबतीत पुन्हा पुन्हा जातो. 1870च्या दशकातल्या त्या भटकंतीत आणि दुष्काळात आई, वडील, बहीण गेली. 1880 साली भाऊ, 1882 साली नवरा कॉलऱ्यानं. मांडीवर लेक मनोरमा. एवढ्या पडझडीनंतर बाई अल्पसंतुष्ट झाल्या का? 1889 साली मुंबईत शारदा सदन काढलं, 1896-97च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली-बायका केडगावला आणल्या, 1897 साली पुण्यातल्या प्लेगच्या दवाखान्यात बायकांना मिळणाऱ्या वागणुकीवर वर्तमानपत्रात सरकारला खडसावलं. विधवांच्या स्थितीबद्दल त्या मरेपर्यंत असमाधानी होत्या. आणि स्वतःच्या स्थितीबद्दल? 1921च्या जुलैमध्ये मिरजेला मनोरमाबाई गेल्या, चाळिशीत. जिच्या हाती केडगावचं मुक्ती मिशन सोपवायचं, ती एकुलती एक लेक. रमाबाईंना तोवर ऐकू येणं फार कमी झालं होतं. त्या कामावर परत बसल्या: मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर, जे त्या कित्येक वर्षं करत होत्या आणि जे केडगावच्याच छापखान्यात मुक्तीतल्या बायका जुळवत होत्या. 5 एप्रिल 1922ला त्या गेल्या. मधले साडेआठ महिने त्यांच्या मनात काय होतं, मी सांगू शकत नाही. रोजचं कागदावरचं काम चालू होतं, एवढं दिसतं. मला ते पुरतं.

म्हणून तुम्हाला काय करा म्हणून सांगू? मोठं काही नाही. प्रभूनं शिकवलेल्या प्रार्थनेत ‘आमची रोजची भाकर आज आम्हांला दे’ असं आहे. त्यातला ‘आज’ धरा. रानात इस्राएल लोकांना मान्ना, म्हणजे देवानं दिलेलं रोजचं अन्न, मिळायचा तो माणशी एक ओमर एवढं माप, त्या दिवसापुरता; सकाळपर्यंत ठेवलेल्यात किडे पडत. तुम्ही रात्री दोन वाजता लेकीच्या इंजिनिअरिंगची फी, 2031चा घराचा हप्ता आणि मिस्टरांचं न झालेलं ट्रान्सप्लांट एकदम उपसता. उद्याचा मान्ना आजच गोळा केल्यासारखं आहे ते. दिवसा, उजेडात, वही घेऊन हप्त्याचा विचार जरूर करा, बँकेत जाऊन मुदत वाढवून मागा. रात्री दोनला नको. झोपताना एवढंच म्हणा की आजची भाकर मिळाली. ज्या दिवशी तेवढंही म्हणवत नाही, त्या दिवशी तेही नका म्हणू. मंडळी तुमच्या वतीनं म्हणते, मंडळी त्याचसाठी असते.

झोप आठवडेच्या आठवडे लागत नसेल, जेवण जात नसेल, नको हे जगणं असं मनात येत असेल, तर डॉक्टरांना सांगा, किंवा टेलि-मानसच्या 14416 या सरकारी क्रमांकावर फोन करा, मराठीत बोलतात. ही प्रार्थना कमी पडल्याची खूण नाही. मला स्वतःला बायको गेल्यावर आठ महिने गोळ्या होत्या; रविवारी उपदेशही करत होतो.

आणि एक गोष्ट अगदी कडक शब्दांत. कुणी उपदेशक म्हणाला की विश्वास असेल तर डायलिसिस सोडून दाखवा, तर त्याला घरातून बाहेर काढा. माझ्या काळात एका बाईंनी असं ऐकून डायलिसिसच्या चार पाळ्या चुकवल्या. दफनविधी मला करावा लागला. तो उपदेशक आला नव्हता. पौलानं आपल्या अंगातला काटा जावा म्हणून तीनदा विनंती केली, आणि उत्तर आलं, ‘माझी कृपा तुला पुरे आहे’. काटा गेला असं कुठं लिहिलेलं नाही. पौलाचा विश्वास कमी होता, असं म्हणायला अजून कुणी धजावलेलं नाही.

राहिल्या त्या ज्येष्ठ बाई. त्यांच्याशी भांडू नका. बहुतेक त्या घाबरल्या असतील. रडणाऱ्या माणसासमोर काय करावं हे न कळलं की आपण वचन काढतो, मी काढलंच होतं. पुढच्या सभेला जा, आणि ‘प्रार्थनेचे विषय’ विचारतील तेव्हा नुसतं ‘मिस्टरांच्या तब्येतीसाठी’ म्हणून बसू नका. म्हणा की गुरुवारच्या पाळीला दुपारी बारा ते चार कुणीतरी त्यांच्याजवळ बसायला हवं आहे, मला त्या वेळात लेकीला क्लासला सोडून बँकेत जायचं असतं. म्हणा की शनिवारचा डबा कुणी देईल का, मीठ अगदी कमी घालून. आणि भेटायला येताना प्रेमानं नारळपाणी आणि केळी आणतात, ती नका आणू म्हणावं, त्यांना पोटॅशियम चालत नाही. बाईंनाच विचारा आधी. फिलिप्पैकरांसचा चौथा अध्याय त्यांना पाठ आहे, चौदावं वचनही येत असेल.